एकटा ठिपका

१२ फेब्रुवारी २०२५. तरवडवस्ती, म्हसवडच्या उत्तरेस

आज दुपारी येथे पोहोचले, आणि पहिली नोंद ही की मी प्रसन्न आहे. चौसष्टाव्या वर्षी प्रसन्नतेची नोंद करावी लागणे फारसे गौरवाचे नाही. पण विधान सत्य असेल तर ते लिहून ठेवावे, असे मला घरी शिकवले गेले. वडील वाईच्या पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवीत. कृष्णेच्या घाटावर बसवून त्यांनी मला अनुमान शिकवले, तेही त्या शास्त्रातल्या नेहमीच्याच दृष्टांताने: डोंगरावर धूर आहे, जिथे धूर, तिथे अग्नी, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. पुढे मी भूगोलाकडे वळले आणि चाळीस वर्षे हेच केले. फरक एवढाच, की डोंगराकडे मी आकाशातून पाहिले.

साताऱ्याहून, नकाशाचे काम देणाऱ्या संस्थेच्या जीपने लालासाहेबांनी आणले. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. ऊस मुलांवर सोपवून जीप चालवतात. पुसेगाव मागे पडले तसा ऊसही मागे पडला. तेव्हा त्यांनी गंभीरपणे सांगितले की इथून पुढे झाड दिसले तर सलाम ठोकायचा, ते आपल्यापेक्षा सीनियर असते.

वस्तीत एका ओळीत पाच घरे आहेत. पूर्वेकडचे शेवटचे माझे: स्लॅबचे नवे घरकुल. त्याचा मालक वस्तीच्याच भावकीतला; तो दक्षिणेत कुठेतरी सोने गाळण्याच्या धंद्यात, गलाईवर, असतो. माझ्या शेजारी सुलाबाई. त्यापलीकडे त्यांचा मुलगा भाऊसो आणि सून राणी यांचे घर. त्याही पलीकडे सुलाबाईंच्या दोन दिरांची घरे. ही चारही मेंढपाळांची घरे. दिवाळीनंतर सर्वजण मेंढ्या घेऊन कऱ्हाडच्या बाजूला उतरतात, लोकांच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवतात आणि ज्येष्ठात परततात. मागे राहतात फक्त सुलाबाई. त्यांनी मला नाव विचारले, मग नवऱ्याचे विचारले, मग नवरा नाही म्हटल्यावर, आता दोघी सारख्याच झालो असे सांगून ताक दिले.

चहूकडे गवत. कुसळी आणि पवना, गुडघ्याइतके, उन्हात पिवळे. सरकारी कागद याला पडीक म्हणतात. माळ रिकामा नसतो हे सिद्ध करण्यात माझी कारकीर्द गेली, आणि तिचा शेवटचा नकाशा मी आता येथे बसून पुरा करणार आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

कामाची पद्धत लिहून ठेवते. उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटरांचा चौरस. प्रत्येक ठिपक्याला रंग मिळतो: शेताचा, वस्तीचा किंवा गवताचा. यंत्र चुकते; गवतात मध्येच एखादा ठिपका वस्तीचा दाखवते. यावर उपाय म्हणजे बहुमताची चाळणी. ठिपक्याच्या आठ शेजाऱ्यांकडे पाहायचे. त्यातले पाच गवताचे असतील तर मधलाही गवताचा धरायचा. या चाळणीची चिकित्सा करणाऱ्या निबंधाने मला नाव मिळवून दिले. त्यातले एक वाक्य विद्यार्थी अजून उद्धृत करतात: एकटा ठिपका ही बहुधा चूक असते.

सुलाबाईंची एक रीत नोंदवण्याजोगी आहे. रोज सकाळी त्या स्वतःच्या चुलीतला विस्तव खापरात घेऊन निघतात आणि बंद घरांच्या चुलींत एकेक शेणी, म्हणजे गोवरी, पेटवून धूर करतात. माझ्या घरकुलातही कोपऱ्यात त्याची काळी खूण आहे. मी विचारले तेव्हा त्यांनी, मूल रोजचा प्रश्न विचारते तेव्हा द्यावे तसे उत्तर दिले.

“आवं बाई, घर गप ऱ्हायलं की माळ इचारतो, हितं कोण हाय का? धूर दिसला की मग तो उगी बसतो.”

धूर घरच्याच माणसाच्या हातचा लागतो. परक्याच्या हातचा माळ मोजत नाही. चुलीतला विस्तवही त्यांच्या सासूच्या वेळचा आहे, तो रात्री राखेखाली झाकून ठेवतात, विझू देत नाहीत. मी गॅस पेटवून चहा केला तर त्या शेगडीकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या की ह्याला धूर कसा काय न्हाई.

संध्याकाळी सांगलीहून पल्लवीचा फोन. ती तेथे वकिली करते आणि आईची उलटतपासणी घेण्याची संधी सोडत नाही. तिने विचारले की तुझ्या नकाशात मी कुठल्या रंगाची. मी म्हटले, सांगलीच्या वस्तीच्या, तांबड्या. त्यावर तिने, म्हणजे मी पुराव्याने शाबीत आहे तर, असे म्हणून फोन ठेवला.

२४ फेब्रुवारी

ऋषिराजशी बोलणे झाले. तो माझा विद्यार्थी. आता संस्थेचा हा प्रकल्प त्याच्याकडे आहे. माळाचा सलग तुकडा दाखवता आला तर तो राखीव होईल, आणि पुढच्या पिढीला लांडगा चित्रात पाहावा लागणार नाही. अडचण एकच, की तरवडवस्ती बरोबर मध्ये येते. मी नियम पाहिला. अर्ध्या वर्षाहून अधिक काळ बंद असलेले घर वस्ती धरता येत नाही. उरलेली दोन घरे चाळणीतून आपोआप जातात. नियम मी वस्तीसाठी वाकवला नाही, आणि वस्तीविरुद्धही नाही. चाळणी लावली. पडद्यावर पाच तांबडे ठिपके होते. क्षणात सर्व पिवळे झाले.

नकाशा स्वच्छ दिसतो.

सुलाबाई दारात बसून बारीक वाकळ, बाळाची गोधडी, शिवतात. राणीला दिवस गेले आहेत. तिचे माहेर दूर आहे, म्हणून ज्येष्ठात बाळंतपण इथेच, भाऊसोच्या घरात होणार. वाकळीत राणीच्या जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा मधोमध घातला आहे.

३ मार्च

काल दुपारी दक्षिणेचा उतार जळाला. गवताच्या वाढीचा अभ्यास करण्यासाठी कुंपण घातलेला तुकडा होता, राख उरली. लालासाहेब आणि मी ओल्या पोत्यांनी झोडपून आग थोपवली. त्यांच्या मिशा होरपळल्या. घरी गेल्यावर बायको आता आपल्याला नवा भरती झालेला समजेल, असे ते म्हणाले.

आगीचे कारण प्रत्यक्ष कोणी पाहिले नाही. पण वाळल्या गवतातून रोज उघडा विस्तव फिरतो, वारा त्या दिशेने होता, आणि दुसरे कारण उपलब्ध नाही. मी सुलाबाईंना हे क्रमाने समजावले. त्यांनी सांगितले की त्यांच्या हयातीत या विस्तवाची ठिणगी कधी उडाली नाही. मी म्हटले, आजवर घडले नाही यावरून पुढे घडणार नाही असे निष्पन्न होत नाही. त्या म्हणाल्या, घरं जातील. मी विचारले, आजवर एकतरी घर गेलेले पाहिले का? त्या म्हणाल्या की गेलेले घर कुणाच्या ध्यानात राहत नाही. मी दाखवून दिले की जे विधान कोणत्याच पुराव्याने खोटे ठरू शकत नाही त्याला विधान म्हणता येत नाही.

भाऊसोंना फोन लावला. त्यांनी आईचे खूळ आहे ते चालू द्या अशी विनंती केली, पण आग लागली हे ऐकून, मग तुम्हीच बघा, असे म्हणाले. शेवटी मी पावसापर्यंत घरांची जबाबदारी स्वतःवर घेतली, तसा शब्द दिला, आणि सुलाबाईंच्या देखत चुलीतल्या विस्तवावर पाणी ओतले. त्यांना मी माझ्या गॅसवर स्वयंपाक करायला सांगितले आहे.

त्या म्हणाल्या, “बोलण्यात तुमी जिकला, बाई. माळाला बोलाया येत न्हाई.”

११ मार्च

आज सकाळी पश्चिमेकडे पाहताना काहीतरी जवळ आल्यासारखे वाटले. नंतर लक्षात आले की क्षितिज. शेवटचे घर, म्हणजे थोरल्या दिराचे, तेथे नाही.

पडलेले नाही, जळालेले नाही. जोते नाही, पत्रा नाही, चुलीचा दगड नाही. गवत आहे. मी गुडघे टेकून पाहिले: जुने, मुळांशी घट्ट, बुडाशी मागच्या वर्षांचा काडीकचरा साठलेले. असे गवत आठवड्यात उगवत नाही.

लालासाहेबांना विचारले. त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिले आणि सांगितले की म्याडम, घरे चारच आहेत, पहिल्या दिवसापासून चार. संगणकावर पाहिले. या महिन्याच्या चित्रात तेथे गवत. मागच्या वर्षीच्या चित्रातही गवत. जितके मागे गेले तितके गवतच.

शक्यता अशी, की मोजण्यात मी चूक केली. मी मोजण्यात चूक करीत नाही. परंतु हा पुरावा नव्हे.

१७ मार्च

दुसरेही घर गेले. धाकट्या दिराचे.

होळीला सुलाबाईंनी विस्तव मागितला होता. मी नको म्हटले. त्यांनी दगडावर पोळी ठेवून नुसते पाणी फिरवले.

आज मी त्यांना सहज विचारल्यासारखे विचारले की दीर केव्हा परततात. त्यांनी हसून सांगितले की आपल्याला दीर नाहीत; धनी एकटेच होते, सासूला दुसरे पोर झाले नाही. हे त्या लपवण्यासाठी बोलत नव्हत्या. माहिती लपवणारी माणसे मी सर्वेक्षणांत पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्या दृष्टीने ते सत्य होते.

मी टेबलाशी बसून विचार मांडला. कडेचे घर प्रथम गेले. त्याच्या आठ शेजाऱ्यांपैकी सात गवताचे होते. ते गवताचे झाले तसे पुढच्या घराचेही सात शेजारी गवताचे झाले. मग ते गेले. हा नियम मला परिचित आहे. त्यावर माझे नाव आहे.

दोन पर्याय उरतात. एक, मी पडद्यावर जे केले ते माळावर घडते आहे. दोन, माळ हे पूर्वीपासून करीत आला आहे. धूर हा त्याला दिलेला पुरावा होता, आणि तो मी बंद केला. कोणता खरा हे ठरवण्याचे साधन माझ्याजवळ नाही. निष्कर्ष दोन्हींचा एकच.

पुढचे घर भाऊसोंचे.

१८ मार्च

चाळणी काढली, नकाशा पुसला, पाचही ठिपके हाताने तांबडे केले. जतन करताच पुन्हा पिवळे. तीनदा केले.

सुलाबाईंना सांगितले की माझी चूक झाली, धूर सुरू करा. त्यांनी शांतपणे विचारले, कशाने? सासूचा विस्तव तुम्हीच विझवला. तरी त्यांनी काडी ओढून आपली चूल पेटवली. धूर छपरातून निघाला आणि वर न जाता पत्र्यावरून घसरून गवतात शिरला. त्या म्हणाल्या की नव्या विस्तवाला माळ ओळखत नाही, त्याला वर्षं लागतील.

भाऊसोंच्या घरात मी स्वतः शेण्या पेटवल्या. डोळे चुरचुरले, खोली भरली, पण बाहेर येऊन पाहिले तर धुराडे कोरडे होते. परक्याचा हात.

भाऊसोंना फोन केला. घरच्या माणसाने यायला हवे, आजच, एवढेच सांगितले. त्यांनी कारण विचारले नाही. मेंढ्या सोबत्यावर सोपवून, राणीला घेऊन, उद्या पहाटेच्या टेम्पोने निघतो असे म्हणाले. मागून राणीचा आवाज आला. ती विचारत होती की वाकळ झाली का.

१९ मार्च

गवत.

मी सकाळपासून भाऊसोंच्या घराच्या उंबऱ्यावर बसले होते. साडेदहाच्या सुमारास क्षणभर डोळे मिटले असतील. उघडले तेव्हा मी माळावर बसले होते. सुलाबाईंची भिंत उजव्या हाताला, आणि डाव्या हाताला काही नाही.

टेम्पो आला नाही. भाऊसोंचा क्रमांक अस्तित्वात नाही असे फोन सांगतो. राणीचाही.

सुलाबाई दारात वाकळ शिवत होत्या. मी समोर बसले. मी त्यांना मुलाचे नाव विचारले, आणि विचारू नये हे मला विचारताना कळत होते.

त्या म्हणाल्या, “मला ल्योक कुठला, बाई? म्हसवडच्या नाथानं माझी कूसच उजवली न्हाई.”

मग वाकळ उलटसुलट केली, हिरव्या तुकड्यावरून बोट फिरवले आणि मला विचारले, “हे कुणाचं हाय वं? लय बारीक टाकं घातल्यात कुणीतरी.”

सुई त्यांच्याच हातात होती.

२२ मार्च

सुलाबाईंना माझ्याकडे झोपायला आणले. दोन माणसे, एक घर. शेजाऱ्यांचे गणित बदलत नाही, पण त्या माझ्या नजरेसमोर राहतील.

त्यांना भाऊसो आणि राणी यांच्याबद्दल मी सर्व सांगते. त्या ऐकतात. गोष्ट चांगली आहे म्हणतात. राणीला मुलगा झाला की मुलगी असे विचारतात. मी म्हणते, अजून व्हायचे आहे.

लालासाहेब आठवड्याचे सामान देऊन गेले. सामान एकीचेच होते. मी सुलाबाईंकडे हात करून विचारले तर ते क्षणभर त्या दिशेला पाहत राहिले आणि म्हणाले, व्हय की, मावशी हायतच. पण त्यांना ते आठवावे लागले.

२५ मार्च

सकाळी सुलाबाई कोंबड्यांना दाणे टाकायला म्हणून आपल्या घराकडे गेल्या. मी दारातून पाहत होते. पापणी न हलवता पाहत होते. हे मी शपथेवर सांगू शकते. त्या उंबऱ्याशी वाकल्या. त्यांची पाठ गवताच्या रंगाची झाली. मग ते गवत होते, आणि वाऱ्याने वाकले होते.

कोंबड्यांचा आवाज थोडा वेळ आला.

वाकळ माझ्या खाटेवर आहे. अजून आहे.

मी येथून का जात नाही, हे लिहिते, कारण मलाच ते पुन्हा वाचावे लागेल. भाऊसो, राणी, त्यांचे न जन्मलेले मूल, दोन दीर, सुलाबाई: ही माणसे होती हे जाणणारी आता मी एकटी आहे. ज्येष्ठापर्यंत घरे राखण्याचा शब्द मी दिला होता. आणि मी निघाले तर हे घरही रिकामे होईल. मग त्यांना कोणी शोधायलाही —

नाही. आणखी एक कारण आहे. पल्लवी. घरासोबत मीही पुसली गेले तर पल्लवीचे काय?

३० मार्च, पाडवा

गुढी उभारायला काठी नाही. वाकळ खुंटीला अडकवली.

पल्लवीला फोन लावला. चार वेळा. पाचव्यांदा उचलला. मी म्हटले, मी बोलते. तिने कोण असे विचारले. मी म्हटले, आई.

ती रागावली नाही. तिने अत्यंत सभ्यपणे सांगितले की आपला क्रमांक चुकला असावा. माझी आई, ती म्हणाली, मी शाळेत असतानाच गेली. मी तिला विचारले, सांगलीची वस्ती कुठल्या रंगाची? तिने प्रश्न स्वतःशी पुन्हा म्हटला. मला वाटले —

मग तिने विचारले की तुमच्याजवळ कोणी आहे का, काकू. घरचे कोणी.

ती आहे. जिवंत आहे, तिथे आहे, तांबडी आहे. फक्त माझी नाही. हे कमी वाईट आहे. हे कमी वाईट आहे असे मी लिहिते.

३१ मार्च

ऋषिराज. त्याने ओळखले नाही, पण विषय निघाल्यावर उत्साहाने बोलला. माळाचा सलग तुकडा मंजुरीला गेला. मध्ये एकही घर नाही. त्याने चाळणीबद्दल एक वाक्य सांगितले आणि म्हणाला, कुणाचे ते आठवत नाही, पण फार नेमके आहे.

मी म्हटले, हो.

माळ रिकामा नसतो हे मी जन्मभर सांगितले. तो ऐकत असेल असे मला वाटले नव्हते.

२ एप्रिल

गॅस संपला. त्याचा उपयोगही नव्हता. धूर नाही.

फरशीच्या सांध्यांतून गवत. हिरवे. चैत्रात, पावसाशिवाय, हिरवे. पेटवून पाहिले. पेटत नाही. कागद पेटवले, नकाशाचे. ज्योत आली, राख झाली, धूर मात्र — पाहिला नाही. काड्या संपल्या.

धूर नाही म्हणून अग्नी नाही, असे अनुमान करता येत नाही. वडील हे पहिल्याच आठवड्यात शिकवीत. तापलेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. हा हेत्वाभास आहे. मी दारात उभी राहून हे मोठ्याने सांगितले.

माळ पाठशाळेत गेला नाही.

४ एप्रिल

जीप आली. लालासाहेब.

मी धावत गेले. त्यांनी जीप थांबवली, माझ्यापासून हातभर अंतरावर, उतरले, कमरेवर हात ठेवून चहूकडे पाहिले. मी नाव घेतले. हाताला धरले. त्यांनी बाही झटकली, कुसळ लागावे तशी. मग बिडी पेटवली आणि कुणाला तरी फोनवर म्हणाले:

“साहेब, हितं कोण न्हाई. कशाला धाडलं मला? निसता माळ हाय, लय झकास.”

जाताना घराकडे पाहून त्यांनी सलाम केला. माझ्या घराकडे. मी हात वर केला — पण तेथे झाड होते. एक बाभूळ. माझ्या खिडकीतून आत वाढलेली.

बिडी टाकून गेले.

बिडी जळते आहे.

तीच तारीख

थोटूक खापरात घेतले. सुलाबाईंचे खापर, पायरीखाली सापडले. वाकळीचा हिरवा तुकडा उसवला. राणी, क्षमा कर. फुंकते आहे.

हा विस्तव परका आहे. हातही — घर भाड्याचे. तरी फुंकते.

भिंत दिसते. उत्तरेची दिसत नाही.

तरवडवस्ती. पाच घरे. सुलाबाई. भाऊसो. राणी आणि तिचे — दोन दीर, त्यांची नावे मी विचारली नाहीत. सांगलीला मुलगी, तिचे नाव

तिचे नाव

धुगधुगले. बारीक रेघ. वर चालली आहे, सरळ, पत्र्याच्या — स्लॅबच्या — वर. कुणी दुरून पाहिले तर

वडील म्हणत, क्रमाने मांड. घाई करू नको.

जिथे धूर, तिथे अग्नी. जिथे अग्नी, तिथे माणूस. इथे धूर होता. म्हणून इथे —